बेलभंडार न उचलणारी रुत

रुत, तुझ्या मातीला किती माणूस जमला होता म्हणून सांगू! खरं तर सांगवत नाही. पण तू असतीस तर खरं तेच ऐकून घेतलं असतंस, म्हणून सांगते. अख्खा गाव होता. बाळापूरच्या बाजारातले आडते दुकानं सोडून आले होते. उस्मान मनियार, ज्यानं या गावातल्या प्रत्येक बाईच्या हातात बांगड्या भरल्या, तो खड्ड्याच्या काठाला उकिडवा बसून लहान लेकरासारखा रडत होता. आणि मी? मी सुनेच्या खांद्याला धरून उभी होते आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, माझ्या मयताला एवढे येतील का? राहवलं नाही म्हणून सुनेच्या कानात विचारलंसुद्धा.

ती म्हणाली, "आत्याबाई, हे काय इचारायची येळ हाय का?"

म्हणजे येणार नाहीत.

तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला गाठून सांगितलं, पाटलीणबाई, तुमचा त्यांचा इतक्या वर्षांचा सहवास, आमच्या मासिकासाठी चार चांगले शब्द लिहून द्या. चांगले शब्द त्यांनी लिहावेत, त्यांचं कामच ते. मी मला येतात ते लिहिते. छापायचे तर छापतील.

तू या गावात आलीस तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि या गावापुरतं माझं. मी तिशीतली. नाकात नथ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि डोक्यात हवा. तो जुडगा मी मुद्दाम वाजवत चालायची, म्हणजे मी वळणावर पोचायच्या आधी बायकांचं बोलणं बंद व्हायला पाहिजे. बंद व्हायचंही. मला वाटायचं, हा मान. आता कळतं, आपल्याविषयी बोलत असलेली माणसं आपण आलो की गप्प बसतातच. पण त्या किल्लीवालीला हे कोण सांगणार? मी आज तिच्यासमोर जाऊन सांगितलं असतं तरी तिनं मला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं.

तुलाही तिनं बाहेरच उभं केलं. तुझा नवरा मिशनच्या शाळेचा मास्तर, तू मिशनच्या दवाखान्यात सुइणीचं काम शिकून आलेली. पण तुझा बाप याच भागातला, गावकुसाबाहेरचा, धर्म बदललेला. मला तेवढं पुरेसं होतं. मी ओसरीवरून विचारलं, "काय गं, तुझं नाव काय?"

"रुत."

"हे काय नाव हाय? रुत म्हणजे काय, उन्हाळा का हिवाळा?"

बायका हसल्या. तूही हसलीस. तिथंच माझं डोकं फिरलं. चिडवलेल्या माणसानं चिडायचं असतं, हा साधा नियम तुला तुझ्या मिशनमध्ये कोणी शिकवला नव्हता.

मग अंगठीचं प्रकरण झालं. गावाला ते पाठ आहे, पण मासिक वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल. हळद शिजवायचे दिवस होते. शेतात कढई चढलेली, शिजलेल्या हळकुंडांचा ढीग पडलेला, आणि मी गडीबायकांना दाखवत होते की कुठलं शिजलं आणि कुठलं कच्चं. दाखवायची काही गरज नव्हती, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण मी दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात घालून दाखवलं. घरी आले तर बोटात अंगठी नाही. आणि मला लगेच आठवलं की सखू नावाची मजूर माझ्या अगदी जवळ उभी होती.

आमच्याकडं असा कज्जा मिटायचा तो खंडोबाच्या देवळात. बोलणाऱ्यानं तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर हळद घ्यायची आणि देवासमोर सांगायचं. हा बेलभंडार उचलला की बोलणं खरं. जो कचरला तो खोटा. मुसलमान असला तर त्यानं दर्ग्याच्या चौकटीला हात लावायचा. सगळ्यांची सोय होती. तुझीच नव्हती.

मी तर बेलभंडार असा उचलला की जसा प्रसादच वाटायला आले होते. म्हटलं, सखूनंच घेतली, माझ्या या डोळ्यांनी बघितलं. बघितलं काय होतं? सखू उभी राहिलेली बघितली होती. उरलेलं माझ्या डोळ्यांनी आपणहून भरून काढलं.

अंगठी गेली त्या दिवशी तू शेतात कढईजवळ एका पोरीच्या भाजलेल्या हाताला पट्टी बांधत होतीस, म्हणून पाटलांनी तुला बोलावलं. तू देवळाच्या पायरीखाली उभी.

"रुतबाई, सखूनं अंगठी घेतली का न्हाई?"

"घेताना मी पाहिलं न्हाई."

"मंग घेतली न्हाई असं म्हण."

"तेबी मला ठाऊक न्हाई, पाटील. मी पट्टी बांधत होते."

सखू रडायला लागली. "बाई, तुमी तरी म्हणा की वो!"

तू तिच्याकडं बघितलंस, डोळ्यांत पाणी आलं तुझ्या, पण म्हणाली नाहीस. मग गुरव म्हणाला, बेलभंडार उचल आणि जेवढं ठाऊक आहे तेवढं सांग. आणि तू म्हणालीस, "मी शपथ घेत न्हाई. आमच्यात व्हय म्हंजे व्हय, न्हाई म्हंजे न्हाई. सांगितलं ते सांगितलं."

काय सांगू मला किती आनंद झाला! मी सगळ्यांसमोर टाळी वाजवली. "बघा! भ्याली देवाला! खोटं हाय म्हणून हात पुढं येईना!" सखूची बाजू घेणारे तुझ्यावर चिडले, माझी बाजू घेणारेही चिडले. तू एकटी घरी गेलीस. मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढं वाळत घातलेली हळद उलथीपालथी करताना अंगठी हळकुंडांत सापडली. सखूलाच सापडली. तिनं ती आणून माझ्या हातावर ठेवली आणि पुन्हा हळदीकडं गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून गाव बदललं, रुत. कोणी काही बोललं नाही. पण देवासमोर हळद उचललेली पाटलीण चुकली आणि नुसतीच उभी राहिलेली रुतबाई चुकली नाही, हे लोकांनी मनात धरलं. तुझी सुरुवात 'मला ठाऊक नाही' इथून झाली, याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा. मला सगळं ठाऊक होतं! कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सून का माहेरी गेली, सगळं. आणि लोक जायचे कोणाकडं? ज्या बाईला निम्म्या गोष्टी ठाऊक नसायच्या तिच्याकडं.

बांधाचं भांडण, रुतबाईंना विचारा, त्या वाटेनं जातात. दूध कोणी पातळ केलं, रुतबाईंना विचारा. उस्मान तर बांगड्या विकताना म्हणायचा, "बाई बोले तो बस हो गया." एकदा मी त्याला म्हटलं, आणि मी बोलले तर? तो माझ्या हातात बांगडी चढवत होता. म्हणाला, "हात ढीला छोडो, पाटलीणबाई. बांगडी फूट जायेगी."

तुला खोटं बोलायला लावायचं, असा मी पणच केला. सणाला तुला बोलावलं. आत नाही, ओसरीवरच, पण पुरणपोळी वाढली. विचारलं, कशी झाली? मला वाटलं, खाल्ल्या घरचं कोण वाईट बोलेल.

"जाड झाली," तू म्हणालीस. "पण पुरण गोड हाय."

माझ्या लेकीचं बाळंतपण तू केलंस. पहिला नातू. लेकीचे हाल झाले, तू तिला सोडलं नाहीस, बसलीस की उठली नाहीस. पोरगं हातात आलं तेव्हा मी म्हटलं, "रुत, गोरं हाय ना गं?"

"न्हाई. पण धट्टंकट्टं हाय."

अशा वेळी तरी! त्या दिवशी तुला मी पहिल्यांदा घरात घेतलं होतं, माजघरापर्यंत. बाहेर काढावं असं एकदा मनात आलंच.

मग मी ठरवलं, आपणही शपथ घ्यायची नाही. बघू काय होतं. सकाळपासून जीभ आवरून धरली. जेवायला बसल्यावर पाटलांनी विचारलं, "आमटीत मीठ घातलं का?" आणि माझ्या तोंडून गेलं, "आईच्यान, घातलं!" पाटील माझ्याकडं बघतच राहिले. मिठासाठी आईला आणणारी बाई त्यांनी तोवर बघितली नव्हती म्हणे. बघितली होती, रोजच. त्या दिवशी माझ्या तोंडावरून त्यांना कळलं एवढंच.

तुला एकदा विचारलं, "काहून एवढी भितेस गं? तुझा देव काय कान धरतो का?"

तू म्हणालीस, "न्हाई वो. रोज पहाटे त्याच्याजवळ बसायचं असतंय. आदल्या दिवशीचं लपवून कसं बसावं? जीव रमत न्हाई."

मला वाटलं होतं तू नरकाचं काही सांगशील, म्हणजे मला त्यावर हसता येईल. जीव रमत नाही, यावर काय हसणार?

तू काही फार गुणाची नव्हतीस, हेही मासिकात यावं. तुझा गाण्याचा आवाज फुटक्या घागरीसारखा होता आणि तरी तुमच्या प्रार्थनेत तू सगळ्यांत वरच्या सुरात गायचीस. तू मिशेरी लावायचीस. पाळकसाहेबांनी विचारलं तर सगळ्या मंडळीसमोर म्हणालीस, "व्हय, लावते. सोडायचा प्रयत्न करून राहिले, सुटत न्हाई." आणि घरी येऊन पुन्हा लावलीस. तुमच्यातल्या बायकाही चोरून लावायच्या, पण लोकांनी नावं ठेवली त्यांना. तुला नाही. हा कुठला न्याय?

तुझा मास्तर तापानं गेला तेव्हा वाटलं, आता तू जाशील. गेली नाहीस. पटकीची साथ आली तेव्हा वरच्या अंगाला आमच्या विहिरीचं पाणी खराब झालं होतं. पाटलांनी दवंडी दिली, हे पाणी पिऊ नका. कोणी ऐकलं नाही, लोक म्हणाले, पाटलाला पाणी स्वतःच्या मळ्याला पाहिजे. तू विहिरीवर जाऊन उभी राहिलीस. दवंडी नाही, काही नाही. ज्या दोन घरांत माणसं गेली होती त्यांचं हगणंमुतणं तू धुतलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. तू म्हणालीस, "हे पाणी नका नेऊ." बायकांनी घागरी उपड्या केल्या आणि परतल्या. आमची विहीर, आमची दवंडी, आणि ऐकलं तुझं! मी घरी येऊन पाटलांवर ओरडले. ते म्हणाले, "तू त्या दोन घरांत गेली होतीस का?" गेले नव्हते. दारातूनच ताक पाठवलं होतं, आणि ताक पाठवलं हे साऱ्या गल्लीला सांगितलं होतं.

लिहायला मी तुझ्यामुळंच शिकले, पण तुझ्याकडून शिकले असं कोणाला म्हणू देणार नाही. तू पोरींना ओट्यावर बसवून शिकवायचीस आणि मी पलीकडं भिंतीआड शेंगा फोडत बसायची. मनात म्हणायची, हिला येतं आणि मला येत नाही? जळून जळून अक्षरं आली. तुला ठाऊक होतं. एक दिवस तू मुद्दाम मोठ्यानं म्हणालीस, "क्ष कसा काढायचा ते पुन्हा एकदा सांगते, ज्याला दिसलं नसंल त्यानं वाकून बघावं." मी वाकले नाही. म्हणून माझा क्ष अजून असा आहे.

आता त्या दुपारचं. हे सांगायला म्हणूनच बसले, बाकीचं नुसतं रेंगाळणं झालं.

यंदाचं साल. आधी रझाकार. त्यांनी माझ्या पुतण्याच्या, दिगंबरच्या, थोरल्या भावाचं घर जाळलं. भाऊ त्यातच गेला. मग पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि ज्यांना आजवर गप्प बसावं लागलं होतं ते कुऱ्हाडी घेऊन निघाले. कोणीतरी दिगंबरच्या कानात भरवलं की रझाकारांना घर दाखवलं ते उस्मान मनियारानं.

उस्मान माझ्या दारी आला. बायको हलीमा, विधवा सून, आणि सुनेच्या काखेत लेकरू. त्याच्यामागं काहीच नव्हतं, गाठोडंसुद्धा नाही. पाटील वसमतला नव्या अंमलदारांपुढं हजर व्हायला गेलेले. मी कोणाला विचारलं नाही. चौघांनाही माजघरामागच्या बळदात घातलं. दाणे भरायची ती अंधारी खोली, तिला खिडकी नाही. लेकराला अफूचं बोट चाटवलं आणि बळदाच्या दाराला दाण्यांच्या कणग्या ओढून लावल्या. रुत, हे मी केलं. मी! तू लेकराला बघायला म्हणून मागून आलीस आणि ओसरीवर बसलीस.

दुपारच्या उन्हात ते आले. दिगंबर पुढं, बाकीची पोरं बाहेरगावची, ओळखीचं एकही तोंड नाही.

"काकू, उस्मान कुठं हाय?"

"मला काय ठाऊक?"

"तुमच्या घरात शिरताना पाहिला म्हणून सांगितलं एकानं."

मी उंबऱ्यावर दोन्ही हात पसरले. "आईच्यान न्हाई! खंडोबाच्यान न्हाई! माझ्या नातवाच्यान, घरात चिटपाखरू न्हाई!"

दिगंबर हसला. त्या दिवशी त्याचं ते हसणं बघवत नव्हतं. म्हणाला, "काकू, तुमी तर मिठासाठीबी शपथ घेता."

मग तो तुझ्याकडं वळला. "बाई, तुमी सांगा. तुमी न्हाई म्हणलं तर आमी माघारी जातो. घर धुंडणार न्हाई."

ऐकलंस ना तू नीट? मी ऐकलं. आणि माझा जीव भांड्यात पडला. एक शब्द होता. दिगू तो आपणहून तुझ्याकडं मागत होता. आयुष्यभर साठवलेलं तुझं सगळं त्या एका 'न्हाई'त घालायचं होतं आणि चार जीव घरी जात होते.

तू तोंड उघडलंस आणि म्हणालीस, "आहेत."

त्या वेळी कुऱ्हाड माझ्या हातात असती तर मी पहिली तुझ्यावर घातली असती.

तू उठून माझ्या शेजारी, उंबऱ्यात, येऊन उभी राहिलीस. "आत आहेत. उस्मान हाय, हलीमा हाय, सून हाय, लेकरू हाय. आन् दिगू, तुझ्या भावाचं घर उस्माननं दाखवलं न्हाई. त्या दिवशी त्याची सून अडली होती. दिवस उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत तो माझ्या ओट्यावर बसून होता. हललाबी न्हाई."

"मंग कोणी दाखवलं?"

"ते मला ठाऊक न्हाई."

बाहेरगावचा एक पोरगा म्हणाला, "या बाटगीचं काय ऐकून राहिला रे? व्हय बाजूला!"

दिगंबरनं त्याच्या छातीवर हात लावून त्याला मागं ढकललं. "गप. ती खोटं बोलणारी असती तर आत्ता बोलली असती." मग तो जोत्यावर बसला आणि कुऱ्हाड खाली ठेवली. त्याचे खांदे हलायला लागले. "मंग मी कोणाला मारू, बाई?" म्हणाला. "सांगा ना, कोणाला मारू?"

तू त्याच्याजवळ खाली बसलीस. पोरं इकडंतिकडं बघत उभी राहिली आणि मग एकेक करून वेशीकडं गेली.

वाचले. सगळे वाचले. पण संध्याकाळपर्यंत गावात काय बोलणं सुरू झालं? रुतबाईंच्या सत्यानं माणसं वाचली! आणि बळद कोणाचं? अफू कोणाची? कणग्या कोणी ओढल्या, माझी कंबर अजून धरते! लोक म्हणाले, "व्हय, पाटलीणबाईंनीबी आसरा दिला." 'बी!' त्या 'बी'वर मी अजून जळते.

पण माझं तुझ्याशी भांडण त्याचं नव्हतं. तुला ठाऊक आहे कशाचं होतं. दसरा गेला, दिवाळी गेली, मी एकच विचारत राहिले. "तो 'न्हाई' म्हणा म्हणत होता! त्यानं ऐकलं नसतं तर? दिगूच्या ऐवजी ते दुसरं पोरगं पुढं असतं तर? तुझी जीभ चोख राहावी म्हणून तू ते लेकरू डावावर लावलंस!"

पाळकसाहेबांनी उत्तर दिलं मला. ते म्हणाले, आधीचं 'आहेत' खरं निघालं म्हणूनच पुढचं 'दाखवलं न्हाई' खरं वाटलं. बाई 'न्हाई' म्हणाल्या असत्या आणि पोरांनी तरीही घर धुंडलं असतं, तर मग कोणी काय ऐकलं असतं? बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणून मला ते आवडलं नाही. तू मात्र उत्तरच द्यायची नाहीस. मी भांडायची, तू सुपात ज्वारी पाखडत बसायचीस आणि म्हणायचीस, "व्हय, तुमचं बराबर हाय." अशानं भांडण होतं का?

मग हळदीची पानं वाळायला लागली आणि तुझी छाती भरली. तू निरोप पाठवलास, पाटलीणबाईंना एकटीला बोलवा. मला बरं वाटलं. पाळकाला नाही, मंडळीला नाही, मला.

सकाळची वेळ होती. तुला दोन उशा लावून बसवलं होतं. बोलताना घरघर वाजायचं.

"पाटलीणबाई, त्या दिवशीचं इचारायचं हाय."

"मी रोज इचारते, तेव्हा बोलत न्हाईस. आता काहून?"

"मी 'न्हाई' म्हणायलाच तोंड उघडलं होतं."

मला नीट कळलं नाही. तू पुन्हा सांगितलंस. "देवाला म्हणलं, आज एवढं खोटं माझ्या नावावर धर, आन् तोंड उघडलं. पण जिभेनं तिचंच केलं. 'आहेत' म्हणून गेली. मला ऐकू आलं तेव्हा माझंच काळीज थांबलं. पुढचं सगळं मी भीतीनं बोलले. लोक म्हणतात, बाईंची हिंमत. हिंमत कुठली, पाटलीणबाई? सवय ती."

रुत, माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? आनंद. पकडली! एवढ्या वर्षांनी सापडली, हिलाही खोटं बोलावंसं वाटलं होतं! आणि लगेच दुसरी गोष्ट आली, तिनं पहिलीला खाऊन टाकलं. तू हिंमत करून खरं बोलली असतीस तर मीही एखाद्या दिवशी हिंमत केली असती, बरोबरी झाली असती. पण ज्या बाईला ठरवूनसुद्धा खोटं बोलता आलं नाही, तिची बरोबरी कशी करायची? ती एका दिवसात होण्यासारखी नाही. जन्मभर पहाटे उठावं लागतं. मी तुझ्यावर अख्खा जन्म जळले, पण त्या सकाळी जळले तशी कधीच नाही.

तू माझा हात धरलास. "मी बराबर केलं का चूक?"

"मला काहून इचारतेस? पाळकाला इचार."

"ते चांगलंच म्हणतील. उस्मान म्हणंल, दिगू म्हणंल. सगळ्यांची माया हाय माझ्यावर." तू थांबलीस, श्वास घेतलास, आणि मग तुझ्या तोंडावर ते हसू आलं, पहिल्या दिवशी ओसरीसमोर आलं होतं तसं. "तुमी माझ्यावर जळता. तुमी माझं मन राखायचं म्हणून बोलणार न्हाई. तुमी सांगाल ते खरं."

आयुष्यभर मी ज्याच्यासाठी तडफडले, ते तू माझ्या हातात ठेवलंस. माझ्या शब्दाला कोणीतरी शपथ मागत नव्हतं. आणि शब्द मागणारी कोण, तर तू!

मी म्हटलं, "चूक केलीस. वाचले ते त्यांच्या नशिबानं."

तू डोळे मिटलेस. "व्हय," म्हणालीस. "मलाबी तसंच वाटतंय." तुझी मूठ माझ्या हातात सैल झाली आणि तू झोपलीस. चांगली झोपलीस. तुझी पोर म्हणाली, कित्येक दिवसांनी आई अशी झोपली. त्यानंतर तू कोणाशी बोलली नाहीस.

आता मी काय करू, सांग. गोड खोटं तुला लगेच कळायचं. जळणारं माणूस कडू खोटंही बोलतं, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं का? मी तेव्हा खरं बोलले का नुसती जळून बोलले, हे मला अजून कळलेलं नाही. उस्मानच्या सुनेचं लेकरू आता रांगत माझ्या उंबऱ्यापर्यंत येतं. त्याला बघितलं की वाटतं, चूक कसली. आणि रात्री डोळ्यांपुढं ती बाहेरगावची पोरं आली की वाटतं, चूकच, चूकच. मी जन्मभर शब्द वाऱ्यावर सोडले आणि कोणी ते उचलले नाहीत, त्यामुळं परत घ्यायची वेळही कधी आली नाही. हा एकच तू उचललास आणि सोबत घेऊन गेलीस. आता तो परत मागायला मी कुठं येऊ?

येईनच म्हणा, फार दिवस नाहीत. तुमचं स्वर्गाचं दार वेगळं आणि आमचं वेगळं असेल, तर मी ओसरीवर बसून तुला हाक मारीन, तू बाहेर ये. तोवर माझा विचार पक्का झालेला असेल आणि मी नीट काय ते सांगीन. पण तोपर्यंत, रुत, तिकडं दुसऱ्या कोणाला विचारू नकोस. तुझ्या देवालासुद्धा नाही.